संघपालचे गोलपोस्ट

वेल्डर संघपाल दुकानातच कोसळला आणि गेला. कामठीच्या मैदानावर शोकसभा भरली. हॉकी संघटनेचे अध्यक्ष माइकवर गळा काढत होते, "असा खेळाडू पुन्हा होणे नाही." संघपालनं स्वतः बनवलेले गोलपोस्ट याच महाशयांनी मैदान लग्नांना भाड्यानं देता यावं म्हणून उपटून, मोडून संडासामागे फेकले होते, तो भांडला तेव्हा त्याला संघातून हाकललं होतं. आता म्हणे त्याचा फोटो कार्यालयात लावणार. त्याची बायको प्रीती उठली. "फोटो राहू द्या, साहेब. त्यायचे गोलपोस्ट लावा." अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला. "ताई, रविवारी इथं लग्न आहे." प्रीती खेळाडूंकडे वळली. "पोस्ट आणा गा, अन् दुकानातून मशीन." सगळे उठले. वेल्डिंग तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं. तिनं एकेक सांधा जोडला, डोळे काळ्या काचेआड ठेवून. रिकाम्या खुर्च्यांना अध्यक्ष संघपालचं मोठेपण सांगतच होते.