टेबलावर राहिलेला डबा

रिव्हेटच्या डोक्याला चीर गेली. मामांनी दुसरा ठोकला. त्यालाही चीर. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

विमानाच्या पंखापलीकडे, रिव्हेटच्या मागे लोखंडी टेकण दाबून धरून उभ्या असलेल्या भाचीने रिव्हेटच्या डब्याकडे पाहिलं.

हे ॲल्युमिनियमचे रिव्हेट भट्टीतून काढून पाण्यात विझवले की मऊ असतात. फ्रीझरमध्ये ठेवले तरच मऊ राहतात. बाहेर राहिले की आपले आपण कडक होतात, मग ठोकताना तडकतात. हे तिला मामांनीच शिकवलं होतं. तरी काल ती डबा टेबलावर विसरली. संध्याकाळी ध्यानात आलं, तेव्हा इकडेतिकडे बघून तिने तो गुपचूप फ्रीझरमध्ये सरकवला. डबा पुन्हा गार झाला. रिव्हेट मात्र कडकच राहिले.

सुपरवायझर आला. "काय मामा, आज नेम चुकला?"

"हात थरथरतो साहेब. वय झालं."

पंखाच्या कामात अशी कबुली दिली की संपलंच. मामांनी ते दोन रिव्हेट स्वतः काढले आणि अख्खा डबा भंगारात ओतला. रागाच्या भरात, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ते कोठारात खोकी रचू लागले. येणारेजाणारे विचारायचे, "मामा, नवी नोकरी मानवली का?" मामा हसायचे. तिला मान वर करवत नसे.

जेवताना मामा रोज विचारायचे, "काय गं, काही बोलायचंय?"

"काही नाही," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी सुपरवायझरने कागद पुढे केला. कोठारात कायमची बदली. मामांनी पेन उघडलं.

"साहेब, थांबा!" तिचा आवाज चिरका निघाला. "मामांच्या हाताला काही झालेलं नाही. डबा मी बाहेर विसरले होते. मग गुपचूप आत ठेवला. चार दिवस तोंड शिवून बसले."

सुपरवायझर मामांकडे वळला. "तीस वर्षं हेच काम करताय. कडक रिव्हेट तुम्हाला ओळखू येऊ नये?"

मामांनी पेनला टोपण लावलं.

"दुसऱ्या ठोक्यालाच ओळखला होता साहेब," भाचीकडे न बघता ते म्हणाले. "हिची वाट बघत होतो."