थेट गाडी, दोन थांबे

या, असे जवळ सरका. गोष्ट एवढीशीच आहे, पण मोठ्यानं सांगण्याची नाही. जिची आहे, तिच्या छातीतली धडधड अजून बसलेली नाही.

बापाला गाडीत बसवून दिलं, गाडी वळणाआड होईपर्यंत हात हलवला, आणि कित्येक महिन्यांनी तिनं एका जागी बसून अख्खा कप चहा संपवला. मग पलीकडे उतरवून घेणाऱ्या भावाला वेळ कळवायची म्हणून ती तिकिटाच्या खिडकीशी गेली.

“सव्वानऊची थेट गाडी पोचते किती वाजता?”

“दीडला,” तिकीटवाला म्हणाला. “मधले दोन थांबे धरून.”

“थांबे?” तिचा हात खिडकीच्या कठड्यावर तसाच राहिला. “तुम्ही तर थेट म्हणालात.”

“थेटच आहे की. गाडी बदलायला लागत नाही, बसल्या जागेवरून शेवटपर्यंत. मध्ये कुठंच थांबत नाही ती विनाथांबा, ती सहालाच गेली. थेट आणि विनाथांबा म्हणजे चुलत बहिणी, ताई. आडनाव एक, घरं दोन.” हा त्याचा रोजचा विनोद होता. तिचा चेहरा पाहून तो अर्ध्यातच हसायचा थांबला. “का हो? काय झालं?”

“बाबा एकटे आहेत. गाडी थांबली की ते उतरतात.”

“पाय मोकळे करायला सगळेच उतरतात.”

“तसं नव्हे. कंडक्टर होते ते, एकतीस वर्षं. गाडी थांबली की पहिले खाली, आणि माणसं मोजल्याशिवाय वर नाही. आता बाकी सगळं पुसलं गेलंय. घर आठवत नाही, जेवलो का ते आठवत नाही. तेवढं एक राहिलंय. मागे असेच भलत्याच गाडीत चढले. दोन दिवस शोधत होतो आम्ही. म्हणून तर न थांबणारी हवी होती.”

तिकीटवाल्यानं मान वर करून घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी. “पहिला थांबा आत्ताच लागला असेल,” असं पुटपुटत त्यानं फोन स्पीकरवर टाकून गाडीच्या कंडक्टरला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती ओठांतल्या ओठांत नाव घेत होती. कुठल्या देवाचं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्यांदा उचलला.

“तीन नंबरची सीट बघ रे. करडा स्वेटर घातलेले आजोबा.”

पावलं वाजली. कुणीतरी खोकलं. मग आवाज आला, “तीन नंबर रिकामी आहे.”

दाराजवळची ती जागा तिनंच मागून घेतली होती. चढायला सोपी म्हणून.

फोन चार्जिंगच्या वायरीला अडकलेला होता. तिनं खिडकीतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तो आपल्याकडे वळवून धरला. “खाली बघा हो. गाडीभोवती बघा. हात जोडते तुम्हाला.”

पलीकडे नुसती इंजिनाची घरघर. मागे रांगेतला एकजण “चला, आटपा” म्हणाला. ती वळली नाही.

“सापडले,” कंडक्टर म्हणाला. “पण गाडीच्या तोंडासमोर उभे आहेत, ताई. हटतच नाहीत. एक कमी आहे म्हणतात. मी दोनदा मोजली, बेचाळीसच्या बेचाळीस आहेत. तर म्हणतात, माझी लेक अजून चढली नाही. तिला घेतल्याशिवाय घंटी द्यायची नाही.”

“तिथंच थांबवून घ्यायला सांगा,” तिकीटवाला हळूच म्हणाला. “पुढची गाडी अकराला आहे. तुम्ही जा.”

“आणि तोवर त्यांना धरून कोण बसेल तिथं?”

तिकीटवाल्यानं मागच्या रांगेला हातानं थांबायची खूण केली.

“त्यांच्या कानाला लावा,” ती फोनवर म्हणाली. मग ती खिडकीशी आणखी वाकली. “बाबा...”

“कुठं राहिलीस गं? माणसं खोळंबलीत माझी.”

“चढले मी, बाबा. मागच्या सीटवर बसलेय.”

“खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

“हात बाहेर काढू नकोस.”

तिकिटाच्या खिडकीत घातलेला हात तिनं चटकन मागे ओढला. फोन टेबलावर आपटला. त्यातून आधी पायऱ्या चढणारी सावकाश पावलं ऐकू आली, आणि मग घंटीचे दोन टोले. एकतीस वर्षं दिले तसेच, लागोपाठ. चला.

“सुटली बघा,” तिकीटवाला खुर्चीत मागे रेलला.

“दुसरा थांबा किती वाजता?”

“साडेअकराला.”

“तोवर हा फोन कुणाला देऊ नका.” कामावरून मिळालेली तासाची सवड केव्हाच संपली होती. ती खिडकी सोडून बाजूला झाली, पण फोनवरून तिची नजर हलली नाही. “तिथं ते मागची सीट बघायला जातील.”

माझं एवढंच मागणं आहे. तुमची गाडी मध्येच कुठं थांबली, आणि करड्या स्वेटरचा एखादा म्हातारा खाली उभा राहून बोटांवर माणसं मोजताना दिसला, तर घाई करू नका. त्याचं मोजून होऊ द्या. आणि त्याच्या मोजणीत जी एक कमी भरते, तिची आठवण असू द्या.