भोंग्यातलं कोकरू

उद्या कोयोट कोल्ह्यांच्या शिकारीची स्पर्धा, म्हणून वेनमामाने सरावाला झुडपात भोंगा ठेवला. त्यातून कोकराचा टाहो फुटला. "मीच रेकॉर्ड केलाय, डार्सी! अख्ख्या वायोमिंगात असला आवाज नाही. कोल्हे धावतच येणार!" आली मात्र कळपातली एकच मेंढी आणि भोंगा हुंगू लागली. तिचं कोकरू मंगळवारी कोल्ह्याने नेलं होतं. "हाकल ते येडं ध्यान!" मामा खेकसला. डार्सी थबकली. बाकीच्या दोनशे मेंढ्या निवांत चरत होत्या. मेंढी फक्त आपल्याच कोकराला ओ देते. "मामा, तू म्हणालास, पोचलो तेव्हा नुसतं रक्त होतं! मग हे रेकॉर्ड करताना बंदूक कुठे होती?" "हातातच. पण गोळी झाडली असती तर आवाज बिघडला असता, बाळा!" डार्सीने भोंगा फोडायला दगड उगारला, पण मेंढी भोंग्याला बिलगली होती. मग दगड मागे उभ्या असलेल्या मामाच्या नव्याकोऱ्या गाडीच्या काचेत घुसला.