एकेचाळीस थापा

जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात कटकट वाजत होतं, जसं अंदर बसून कोणी सुपारी फोडून राह्यलं. पडद्यावर ना फोटो, ना चित्रं. काळ्या पाटीवर नुसते पांढरे अक्षरं. धम्मदीपा कीबोर्डवर वाकली होती. बाजूले खाटेवर तिची आजी भागिरथा बसली होती, अन तिचा सारा जीव त्या डबड्यात अडकला होता.

डबड्यात तिचा नवरा पंजाबराव होता. म्हंजे त्याचा आवाज.

पंजाबरावचं कारंज्याले घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. अख्ख्या तालुक्याचा टाइम त्याच्या बोटावर चाले, पण धनज गावच्या आपल्या घरी हा बाबा कधीच टायमावर आला नाही. रोज सकाळी म्हणे, सव्वापाचले येतो, चाय मांडून ठेव. भागिरथा मांडे. तो उगवे आठले, अन चपला काढायच्या आधीच थाप सुरू. एकदा म्हणे, रस्त्यात वाघ बसला होता. त्यानं टाइम विचारला, म्या सांगतला, तं म्हणे तुहं घड्याळ पाच मिनिटं मांगं हाये. त्याच्यावरून दोन घंटे हुज्जत झाली. एकदा म्हणे, घड्याळात मुंगी बाळंतीण झाली, तिचं उरकल्याशिवाय झाकण कसं लावू?

भागिरथाही खमकी. तिनं मोबाइल पदराखाली धरून थापा रेकॉर्ड करणं सुरू केलं. पुरावा पायजे. म्हाताऱ्यानं तोच वाघ पुन्हा आणला की ती तारीख काढून दाखवे. हा चार मार्चले येऊन गेला, आज दुसरं जनावर आणा. अशा एकेचाळीस थापा जमल्या. धम्मदीपानं त्या मोबाइलातून काढून कॉम्प्युटरात भरल्या अन फोल्डर केले: वाघाच्या, मुंगीच्या, वरातीच्या.

मागच्या हिवाळ्यात पंजाबराव गेला. भागिरथाचं सव्वापाचले चाय मांडणं काही सुटलं नाही. दोन कप. ज्या तारखेची थाप, त्या तारखेले ती चाय पेत पेत ऐके. बाकीचे दिवस ती तारीख यायची वाट पाहे.

अन आता कॉम्प्युटरच मराले टेकला होता. धम्मदीपानं पेन ड्राइव्ह लावला, भराभर टाइप केलं. आजीले घोर लागू नये म्हणून तोंडानं सांगत होती, सीपी लिवलं की कॉपी होते. संगं आर लावला तं फोल्डरही पोटातल्या सामानासकट येतात, नाही लावला तं दारातच राह्यतात. भागिरथा म्हणाली, दोन लाव, कमी नको पडाले.

एंटर दाबलं. चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. खाली नवी ओळ आली, म्हंजे कॉपी झाली, अन लगेच कटकट बंद झाली. कॉम्प्युटर गेला तो गेलाच. तीनदा सुरू करून पायला, हूं का चूं नाही.

धम्मदीपानं पेन ड्राइव्ह आपल्या कॉलेजच्या लॅपटॉपले लावला. सगळे फोल्डर होते. थापा मोजल्या, एकेचाळीस. भागिरथानं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडले. पण पोरीचा चेहरा उतरत चालला होता. एक अक्षर राह्यलं होतं. आरच्या संगं पी लावला असता तं फाइलींच्या जुन्या तारखा तशाच आल्या असत्या. नाही लावला, तं ज्या दिवशी कॉपी केली तीच तारीख बसते.

"आजी, तारखा गेल्या," ती म्हणाली, अन तिले रडू आलं. कोणती थाप कोणत्या दिवसाची, आता कोणालेच समजणार नव्हतं. अन पुन्हा आणावं तं जुना कॉम्प्युटर मेलेला.

भागिरथानं लॅपटॉपकडं बोट करून विचारलं, आता त्याच्यावर काय तारीख हाये?

"आजची."

"साऱ्यायवर?"

"साऱ्यायवर. टाइमही एकच. सव्वापाच."

भागिरथानं भिंतीकडं पायलं. पंजाबरावच्या हातचं घड्याळ. सहाले पाच कमी होते. अंदर गॅस थंडा, चायचा गंज कोरडा, दोन्ही कप पालथे. या धावपळीत तिले आधणाचं भानच राह्यलं नव्हतं.

ती घाईघाईनं उठली. केसं सारखे केले, पदर खांद्यावर घेतला. धम्मदीपा डोळे पुसत पाहतच राह्यली. आजीच्या गालावर लाली चढली होती, नव्या नवरीसारखी.

"जन्मात पयल्यांदा टायमावर आले तुहे आबाजी," सैपाकघराच्या दारातून वाकून पाहत ती हळूच म्हणाली, "अन आज चायच नाही मांडली म्या. सांग बरं पोरी, आता मी कोणता वाघ आणू?"