कोंडीराम सुधारतो

"म्हंजे किती घ्यायचात तुमी?" येसाजींनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

पाहुणे खालापूरहून पोरगी बघायला आले होते. पोरगी बघून झाली, पोहे संपले, आणि आता पोरीचा बाप बघायचं चाललं होतं.

कोंडीरामने ट्रे छातीशी धरला. "सा-सात."

"क्वाटर?"

"नाय... बाटल्या."

"दिवसाला?" बशी हवेतच थांबली. येसाजी जाणकार होते.

"दिवसाला एक क्वाटर," त्याची बायको रूपा आतून म्हणाली. "देशी. सणावारी दोन. ह्यांना काय आठवतंय!"

"हां, तसंच," कोंडीराम म्हणाला.

कोंडीराम पितो, ही बातमी गावाला कोंडीरामनेच दिली होती. गेल्या वर्षी, मारुतीच्या पारावर. भिवपुरीजवळच्या त्या गावात पिणारे पुष्कळ, पण स्वतः जाहीर करणारा हा पहिलाच. त्याला झोकांडी खाताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यावरून माणूस मुरलेला असणार, असं गावाने ठरवलं. दर गुरुवारी तो आणि रूपा कर्जतला व्यसनमुक्तीच्या बैठकीला जात. बिचारी रूपा, असं सगळं गाव म्हणे.

जुन्या सवयी मोडा, घरातली कामं बदलून घ्या, असं बैठकीत सांगत. म्हणून वीजकेंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी तांदळाची भाकरी थापायला शिकला. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या कुत्र्यानेही नुसत्या हुंगून सोडल्या. रूपा हात पदरात घेऊन शेजारी बसे आणि सांगे, "उकड नीट मळा. पाण्याचा हात लावा." तो मळत राही. बोटं भाजली की त्याला जरा बरं वाटे.

कारण या घरात पहिली बाटली त्यानेच आणली होती. अक्षदा तेव्हा अठरा दिवसांची होती. पिशवीत गुंडाळून, अगदी चांगल्या मनाने आणली होती. आता त्याच अक्षदाचं लग्न जमायचं होतं, आणि याआधीची दोन स्थळं त्याच्या नावाने परत गेली होती.

"बायकोला मारायचात?" येसाजींनी पुढचा प्रश्न काढला.

"कधीच नाय."

"भांडीकुंडी फोडायचात?"

"एकदा कप फुटलावता. धुताना."

"मग कसले हो बेवडे तुमी!" येसाजी निराश झाले.

इतका वेळ गप्प असलेल्या त्यांच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी, पदर सावरला. "अवो, बापाचं काय घेऊन बसलात? तुमी काय दूधच प्यायचात? पोरगी आईवर जाती. आई बघा, कशी सोसून उभी हाय. आईत खोट असती तर आमी ह्यो उंबरा चढलो नसतो. आमाला सोयरीक पसंत हाय."

आत भांडं पडलं. रूपा दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, एक सांगायचंय तुमाला—"

"साखर आण गं!" कोंडीराम एकदम ओरडला. "उभी काय राहतेस? तोंड गोड करायचंय ना पाहुण्यांचं!"

येसाजी समाधानाने म्हणाले, "आता जरा वाटलात."

पाहुणे गेले तेव्हा चार वाजले होते. गुरुवार होता. दोघं गावातल्या विकासच्या टेंपोत मागे बसून कर्जतला निघाली.

"किती दिवस डोक्यावर घेऊन फिरणार हे?" रूपाने हळूच विचारलं. "त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हालत नाय माझ्या."

"पयली बाटली कुणी आणली?"

रूपा बाहेर बघू लागली. तोही मग बाहेर बघत बसला.

बैठक भरायची त्या शाळेच्या फाटकाशी विकासने टेंपो थांबवला. "काका, आज वरीस झालं ना तुमाला? जावा आत, लाजू नका. काकी, तुमी बसा भाईर वाऱ्याला. लय सोसलंत."

टेंपो वळणाआड जाईपर्यंत दोघं फाटकातच उभी राहिली. मग व्हरांड्यात गेली. पिणाऱ्यांनी आत, घरच्यांनी बाहेर, असा बैठकीचा नियम होता, आणि नियम मोडणं कोंडीरामला जमत नसे. रूपाची पिशवी मांडीवर घेऊन तो नेहमीसारखा व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

आत खुर्च्या सरकल्या. टाळ्या झाल्या.

"मी रूपा," आतून आवाज आला. "मी दारुडी हाय. पोरीच्या बाळंतपणात कंबर धरली, म्हणून ह्यांनी दोन चमचे ब्रँडी दिली होती. ते दोन चमचे मला चोवीस वर्षं पुरले. आज वरीस झालं, थेंब नाय."