चौदा नंबरची रांग

पंचांनी चार बोटं वर केली. म्हणजे फाउल चार नंबरचा. गणिताच्या बाईंनी सामन्याच्या गुणपत्रकावर चार नंबरच्या रांगेत खूण केली आणि कितवा फाउल ते सगळ्यांना दिसावं म्हणून चारची पाटी उचलली. पाटी हातात असतानाच त्यांच्या लक्षात आलं. हा चौथा नव्हता. पाचवा होता.

पाच झाले की खेळाडू बाहेर. चार नंबर म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार आणि बाईंची सख्खी भाची. शिकायला म्हणून आली ती मावशीच्याच घरची होऊन राहिलेली. तिने पाटीकडे पाहिलं, थबकली, मावशीकडे पाहिलं आणि चटकन पाठ फिरवून आपल्या जागी जाऊन उभी राहिली. खेळाडूला आपले फाउल तोंडपाठ असतात.

चूक कुठे झाली, ते बाईंना लगेच सापडलं. तिसऱ्या सत्रात पंचांनी अशीच चार बोटं दाखवली होती, पण त्यांच्या शिटीची दोरी तुटली होती आणि ती त्यांनी दुसऱ्या मुठीत धरली होती. मिटलेली मूठ म्हणजे दहा. मूठ आणि चार बोटं म्हणजे चौदा. बाईंनी भाचीची खूण चौदा नंबरच्या रांगेत केली होती. बारा वर्षं त्या हे टेबल सांभाळत होत्या. अशी गफलत कधी झाली नव्हती.

हात वर करून पंचांना बोलवायचं, एवढंच तर काम. दोन मिनिटं उरली होती, संघ एका गुणाने मागे होता. मोठ्या स्पर्धेच्या आठ जागांपैकी सात भरल्या होत्या. हंगामाच्या सुरुवातीला ओळीने सहा सामने हरलेल्या या पोरी त्यानंतरचे पाच जिंकून इथवर आल्या होत्या. हा सामना जिंकला तर आठवी जागा त्यांची. आणि भाचीचं हे शेवटचं वर्ष.

शेजारी पाहुण्या संघाचे लेखनिक बसले होते, टक्कल पडलेले, हसतमुख. सामना सुरू होण्याआधीच ते म्हणाले होते, "मॅडम, तुमचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी आपलं तुमचं बघून लिहितो. कॉपी करायची हौस परीक्षेत राहूनच गेली." आताही त्यांनी मान वाकवून बाईंच्या कागदावरची खूण आपल्या कागदावर उतरवली.

बाईंनी हात वर केला नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. भाचीने पुढचे दोन बास्केट टाकले तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. बाई बसून राहिल्या.

चाळीस सेकंद उरले असताना पुन्हा शिटी वाजली. या वेळी चौदा नंबर. पहिल्या वर्षाची, अंगाने काटकुळी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. बाईंच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. एकदा अर्धा मार्क जास्त पडला तर पेपर परत घेऊन आली होती. तिचा हा चौथा फाउल. कागदावर मात्र पाच.

आता तरी बोलायला हवं होतं. बाईंनी पाचची पाटी उचलली.

बारकीने पाटी पाहिली. तिचे ओठ हलले. ती मोजत होती. मग तिने बाईंकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. बाईंनी मान खाली घातली आणि टोकदार असलेल्या पेन्सिलीला उगीच टोक काढायला घेतलं. मान वर केली तेव्हा पोरगी बाहेर जाऊन बसली होती आणि प्रशिक्षक तिच्यावर तोंड टाकत होते, की स्वतःचे फाउल मोजता येत नाहीत, तर खेळायला कशाला येतेस.

संघ एका गुणाने जिंकला. पोरींनी कर्णधाराला खांद्यावर घेतलं. एरवी जिंकल्या जिंकल्या धावत टेबलाशी येणारी भाची आज तिकडे फिरकली नाही. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षिकेने डोळे पुसत कागदावर न वाचताच सही केली. तुम्ही लिहिलंय म्हणजे बघायचं काय, असंही म्हणाली. त्या सहीच्या खाली बाईंनी आपली सही केली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती रेघेवर बसली नाही.

हॉल रिकामा झाला. बाई पाट्या आवरत होत्या, तेवढ्यात बारकी समोर येऊन उभी राहिली. बाईंना वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, माझे चारच झाले होते ना?"

"हो." बाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. आणि मग, आपल्याला हे विचारायचा अधिकार उरलेला नाही हे कळत असूनही, त्यांनी विचारलं, "मग पंचांना सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच निघाले होते." बारकीने पिशवी खांद्याला अडकवली. तिच्या आवाजात राग नव्हता. शिकवलेलं नीट समजलं की नाही हे तपासून घेणाऱ्या विद्यार्थिनीचा आवाज होता तो. "पण तुम्ही गप्प बसला होतात. म्हटलं, अशा वेळी असंच करायचं असतं."