लाल पट्टा
अंबाजोगाईच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या आम्रपालीचं ज्वालामुखींवरचं पुस्तक छापायला चाललं होतं. मुखपृष्ठावर प्रकाशकाला परदेशातला धगधगता डोंगर हवा होता. तिचं मन मात्र सिरसाळ्याजवळच्या एका विहिरीच्या फोटोवर बसलं होतं. त्यात गार झालेल्या लाव्ह्याच्या दोन थरांमधला लाल पट्टा लख्ख दिसत होता. ती विहीर खोदताना सुरुंग अचानक उडून वडिलांचे डोळे गेले होते. न विचारता छापलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, आणि हेच तिला खात होतं. प्रकाशकाचा फोन पुन्हा वाजला. तिनं तो उचलला नाही. आधी वडिलांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, “लाल पट्टा दिसतोय का त्यात?” “लई चांगला दिसतोय, आबा.” “त्योच फोटू छाप. म्या ह्या डोळ्यांनी शेवटचं त्येच बघितलंय.”